माऊस खराब नव्हताच: रामबागेतल्या एका वायरलेस सेटचं प्रकरण

आधी सामान सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. इंदूरला रामबागेत एका जुन्या घराच्या पुढच्या खोलीत काकांचं ऑफिस आहे. काका सख्खे नाहीत, आजोळच्या शेजारचे, पण लहानपणापासून काकाच म्हणतो. राजवाड्याच्या आसपासच्या काही दुकानदारांची खाती ते सांभाळतात, टॅली आणि जीएसटीची रिटर्न, आणि उजवीकडची आकड्यांची बटणं न बघता अशी दाबतात की आपण बघत राहावं. डेस्कटॉप विंडोज १० वाला, सीपीयूचा डबा टेबलाखाली भिंतीला चिकटून, टेबल जुनं स्टीलचं, वर जाड काच, काचेखाली पंचांगाचं पान, रिटर्नच्या तारखांचा कागद आणि नातीचा फोटो. वायरलेस की-बोर्ड आणि माऊसचा सेट मुलानं आणून दिलेला, त्याचं नखाएवढं डोंगल, म्हणजे सेटचा सिग्नल पकडणारा यूएसबीत खोचायचा तुकडा, डब्याच्या मागे, आणि त्याला खेटून निळ्या पोर्टात बाहेरची हार्ड डिस्क, रोज संध्याकाळच्या बॅकअपसाठी. हे शेजारपण लक्षात ठेवा.

कम्प्युटर वापरतात दोघं. दुपारी काका तिथेच दिवाणावर आडवे झाले की काकू बसतात, महिला मंडळाचा अहवाल, हळदीकुंकवाची आमंत्रणं, सगळं मराठीत, इन्स्क्रिप्ट या देवनागरी की-बोर्ड मांडणीवर, एकेक अक्षर शोधत पण शुद्ध.

तक्रार अशी की सेट अडकतो. दुकानदाराला फोन केला तर म्हणे सेल बदला, सेल बदलले तरी तेच, मग म्हणे काका आता नवा घेऊन टाका. काका वैतागले होते, "अरे हे वायरलेस म्हणजे नुसती झंझट आहे, तार काय खात होती का?" काकूंचं म्हणणं निराळं, त्यांना वाटत होतं कम्प्युटरच म्हातारा झालाय. मुलगा पुण्याहून फोनवर सांगत होता विंडोज नवीन टाका. म्हणजे एका तक्रारीला तीन वैद्य आणि तीन औषधं, आणि रोगी कोणता ते कोणीच विचारलेलं नाही, की-बोर्ड अडकतो का माऊस, सारखा अडकतो का कधीकधी, दोघांनाही तोच त्रास आहे का.

समोर बसून दहा मिनिटं वापरलं तर काहीच अडकेना. हे नेहमीचंच. तेव्हा काकांना म्हटलं, तुम्ही खातेवहीवाले आहात ना, मग याची पण एक वही करा, अडकलं की लगेच लिहायचं, वेळ, कोण बसलं होतं, तेव्हा कम्प्युटरवर काय चालू होतं, आणि नक्की काय झालं. काकांना हे काम एकदम आवडलं. त्यांनी जुन्या वहीत पट्टीनं रकाने आखले, शेवटी शेऱ्याचा रकाना पण ठेवला. पुढच्या रविवारी बघतो तर पानं भरलेली, आणि खरं सांगतो, निम्मं निदान त्या वहीनंच केलं. काही नोंदी जशाच्या तशा देतो. "सायं. ७.१०, बॅकअप चालू, माऊस उड्या मारतो." "दु. ३, सौ. बसल्या होत्या, अक्षर उमटत नाही, बटण दाबून धरावे लागते." "सकाळी, माऊस डावीकडे मुकाट, उजवीकडे ठीक." "सकाळी, सुरू केल्यावर की-बोर्ड मेला, सेल फिरवल्यावर जिवंत." म्हणजे एका नावाखाली चार निरनिराळी दुखणी होती, म्हणूनच एका इलाजानं काही फरक पडत नव्हता.

सगळ्यात मजेदार म्हणजे संध्याकाळचं. माऊस उड्या मारण्याच्या जवळपास सगळ्या नोंदी बॅकअपच्या वेळच्या. आता बॅकअपचा आणि माऊसचा काय संबंध, कॉपी चालू असताना मशीन स्लो होतं म्हणून असेल असं कोणालाही वाटेल, मला पण पहिली शंका तीच आली. पण मशीन अडखळत असेल तर सगळंच अडखळायला पाहिजे, आणि इथे कॉपीची हिरवी पट्टी झकास पुढे सरकत होती, घड्याळ चालत होतं, फक्त पॉइंटर तुटत तुटत जात होता. मग माझ्या बॅगेतला साधा तारेचा माऊस लावला. तोच बॅकअप, तीच हार्ड डिस्क, पॉइंटर लोण्यासारखा. तारेचा काढून वायरलेस हातात घेतला, परत उड्या. कॉपी थांबवली, उड्या बंद. म्हणजे मशीन निर्दोष सुटलं, दोष हवेतल्या रस्त्यात सापडला.

झालं असं होतं. असले डोंगलवाले सेट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात, २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ. हा पट्टा विनापरवाना मोकळा आहे म्हणून सगळेच तिथे, वायफाय, ब्लूटूथ, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनची गळती पण त्याच भागात. आता निळं पोर्ट म्हणजे यूएसबी ३, तिथे डेटा सेकंदाला ५ गिगाबिटच्या वेगानं पळतो, आणि त्या पळापळीतून जो विजेचा गोंगाट सुटतो तो नेमका २.४ ते २.५ गिगाहर्ट्झमध्ये पण सांडतो. ही माझी ऐकीव थिअरी नाही, इंटेलनं २०१२ मध्ये स्वतःच कागद काढला होता यावर, यूएसबी ३ मुळे आसपासच्या वायरलेस उपकरणांना कसा त्रास होतो ते मोजून दाखवलेलं, आणि उपाय काय तर जोडणी आणि केबलवर नीट आवरण पाहिजे आणि डोंगल यूएसबी ३ च्या उपकरणापासून लांब पाहिजे. गंमत म्हणजे डिस्क नुसती लावलेली असून शांत पडली असेल तर त्रास कळत पण नाही, डेटा पळायला लागला की सुरू. म्हणून दुकानात सेट ठीक चालतो, सकाळी ठीक चालतो, आणि संध्याकाळी सात वाजता बिघडतो.

त्यात काकांचं डोंगल डब्याच्या मागे, म्हणजे डोंगल आणि माऊस यांच्यामध्ये एक पत्र्याचा डबा आणि एक स्टीलचं टेबल. खोक्यावर १० मीटर लिहिलेलं असतं ते मोकळ्या जागेचं, असल्या लोखंडी संसारातलं नाही. उपाय शे-दीडशे रुपयांचा निघाला, यूएसबी २ ची एक मीटर एक्स्टेन्शन केबल. एक टोक डब्याच्या पुढच्या काळ्या, म्हणजे यूएसबी २ च्या, पोर्टात, दुसरं टोक टेबलावर मॉनिटरच्या पायाशी, डोंगल त्यात. बॅकअप परत सुरू केला, काका माऊस गोल गोल फिरवत बसले, काहीच होईना. त्यांना खरं वाटेना, म्हणून त्यांनी स्वतः वाकून डोंगल परत मागे लावून बघितलं, उड्या, परत पुढे, शांत. अकाउंटंट माणूस, दोन्ही बाजू जुळल्याशिवाय सही करणार नाही.

केबल घेताना एवढंच बघा की फार लांब आणि फार पातळ नको, आणि डोंगल परत हार्ड डिस्कच्याच शेजारी येऊन बसणार नाही. लॅपटॉपवाल्यांनी पण लक्ष द्या, तिथे पोर्ट इतके जवळजवळ असतात की पेन ड्राइव्ह आणि डोंगल एकमेकांना चिकटतात, तेव्हा डोंगल दुसऱ्या अंगाला लावा, पुष्कळदा तेवढ्यानं काम होतं.

आता काकूंचं प्रकरण. हे वायरलेसचं नव्हतंच, तारेच्या की-बोर्डवर पण असंच झालं असतं. वहीत दुपारच्या नोंदी बघितल्या तर सगळीकडे एकच, बटण दाबून धरल्याशिवाय अक्षर उमटत नाही. रेडिओचा सिग्नल तुटत असेल तर अक्षरं गळतात किंवा एकदम चार येतात, पण दाबून धरल्यावर शिस्तीत एक येतं असं नाही होत. मी काकूंना म्हटलं, तुम्ही टाइप करा, मी नुसता बघतो. त्यांनी "हळदीकुंकू" काढायला घेतलं. इन्स्क्रिप्टमध्ये एन वर ल आणि शिफ्ट दाबून ळ, के वर क आणि शिफ्टनं ख, म्हणजे ख घ झ ठ ढ ध भ ण ळ श हे सगळं शिफ्टमध्ये. काकू उजव्या करंगळीनं शिफ्ट दाबून ठेवतात आणि मग डाव्या हाताच्या बोटानं ळ शोधत सगळ्या बटणांवरून फिरतात. त्यात मध्येच कोणीतरी दारावर, "आले हो", करंगळी तशीच. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबली की विंडोज विचारतं फिल्टर की चालू करू का. ती इंग्रजी खिडकी काकू न वाचता यस दाबून घालवतात, कारण नो दाबलं तर काहीतरी बिघडेल असं त्यांना वाटतं. आणि फिल्टर की चालू झाली की विंडोज झटपट दाबलेली बटणं मुद्दाम सोडून देतं. हात थरथरणाऱ्या माणसांसाठी ती सोय आहे, चांगली सोय आहे, पण इथे अहवाल रखडला होता.

सेटिंगमध्ये जाऊन की-बोर्डच्या सोयींमध्ये फिल्टर की बंद केली आणि तिथेच शॉर्टकटची टिकपण काढून टाकली, म्हणजे आता अर्धा तास शिफ्ट धरली तरी विचारणार नाही. शेजारीच स्टिकी की असते, शिफ्ट पाच वेळा दाबली की येते, तिची पण टिक काढली. काकू म्हणाल्या, "म्हणजे कम्प्युटर म्हातारा नाही झाला?" नाही काकू.

सकाळचं डावी-उजवीचं कोडं टेबलावर नीट बघितल्यावर सुटलं. माऊसच्या पोटात एक छोटा कॅमेरा असतो असं समजा, खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारावर फोटो काढतो आणि दोन फोटोंतल्या फरकावरून हात किती सरकला ते ठरवतो. खाली कागद, लाकूड, कापड असेल तर बारीक रेषा, रवे दिसतात. नितळ काचेतून प्रकाश आरपार जातो, टिपायला काही सापडतच नाही. काकांच्या टेबलावर उजवीकडे काचेखाली पंचांगाचं पान होतं, तिथे माऊस कसाबसा चालायचा. डावीकडे जिथून कागद सरकला होता आणि नुसती काच होती तिथे मुकाट. काचेवर चालणारे माऊस मिळतात, लॉजिटेकनं २००९ मध्ये ते तंत्र आणलं, पण त्याला पण काच किमान ४ मिलिमीटर जाड लागते आणि किंमत अशी की काका मला घराबाहेर काढतील. साधं कापडी माऊस पॅड ठेवलं. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

चौथं दुखणं मात्र खरं निघालं, आणि तेच सगळ्यात वाईट. की-बोर्ड उलटा करून सेलचं झाकण काढलं तर आत एका स्प्रिंगवर हिरवट-पांढरा फुलोरा. काकांनी सेल "बदलले" होते म्हणजे काय केलं होतं, तर एक नवीन अल्कलाइन आणि एक टीव्हीच्या रिमोटमधला काढलेला जुना साधा सेल, "तो पण चालत होता ना अजून". असं मिसळलं की अशक्त सेल आधी रिकामा होतो, भरलेला सेल त्याच्यातून उलटा दाब देत राहतो, आणि मग तो गळतो. साधा जस्त-कार्बन सेल गळला की ते आम्ली असतं, तिथे ओल्या बोळ्याला खायचा सोडा लावून पुसायचं, अल्कलाइन गळला की ते अल्कधर्मी, तिथे व्हिनेगर किंवा लिंबू, नंतर कोरडं करायचं, सेल आधी काढून. मी पुसलं, घासलं, पण स्प्रिंग अर्धी खाल्ली गेली होती, की-बोर्ड जरा हलला की करंट तुटायचा. कागदाची घडी घालून जुगाड होतो, तो केला पण, पण काकांसारखा दिवसभर बटणं बडवणारा माणूस असला की ते टिकत नाही. माऊसचा सेल स्वतंत्र, त्याच्या कप्प्यात काहीच झालेलं नव्हतं.

मधे राउटरवर पण संशय आला होता, तो अलमारीवर होता, तिथून हलवून बघितला, काही फरक नाही, विषय संपला. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह पण चालू करून बघितला, दोन भिंतींपलीकडून तो काही करत नव्हता.

म्हणजे आता प्रश्न राहिला फक्त की-बोर्डचा, आणि इथे खरेदीची गोष्ट सुरू होते. आरएनटी मार्गावरच्या सिल्वर मॉलमध्ये गेलो, इंदुरात कम्प्युटरचं सामान म्हटलं की पाय तिकडेच वळतात. दुकानात गेल्यावर पहिला शब्द कॉम्बो. कॉम्बो घ्या भिया, दोन्ही येतं, वेगळं कशाला. पण आमच्याकडे चांगला माऊस शिल्लक होता, आणि स्वस्त कॉम्बोचं डोंगल साधारण त्याच दोन वस्तूंशी बांधलेलं असतं, दुसरा की-बोर्ड त्यात जोडता येत नाही, म्हणजे नुसता वायरलेस की-बोर्ड घेतला तर आणखी एक डोंगल. लॉजिटेकची युनिफाइंग म्हणून पद्धत २००९ पासून आहे आणि नंतर २०२१ मध्ये बोल्ट आली, दोन्हींत एका डोंगलवर सहापर्यंत वस्तू जोडता येतात, पण युनिफाइंगचं डोंगल बोल्टच्या वस्तूंना चालत नाही आणि उलटंही नाही, खोक्यावरची खूण बघूनच घ्यावं लागतं. ब्लूटूथवाला घ्यावा तर काकांच्या डेस्कटॉपला ब्लूटूथ नाही, त्यासाठी परत एक डोंगल, शिवाय मशीन सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये, काही बघायचं असेल तर ब्लूटूथ की-बोर्ड बहुतेक वेळा मुका असतो कारण विंडोज उठल्यावरच तो जोडला जातो. लॅपटॉप, टॅबलेट, मोबाइल असं तिन्हीकडे फिरणाऱ्याला ब्लूटूथ घ्या म्हणून सांगेन, ज्याचं टेबल वीस वर्षांत हललं नाही त्याला कशाला.

आणि आणखी एक गोष्ट आहे जी दुकानात कोणी बोलत नाही. की-बोर्डवरून काका काय टाइप करतात? दुसऱ्यांचे जीएसटीचे पासवर्ड, बँकेचे पासवर्ड. २०१६ मध्ये बॅस्टिल नावाच्या सुरक्षा कंपनीनं दाखवलं होतं की बऱ्याच स्वस्त वायरलेस की-बोर्डांचं बोलणं सांकेतिक केलेलंच नसतं, अडीचशे फुटांवरून कोण काय टाइप करतंय ते उचलता येतं, त्याला त्यांनी की-स्निफर नाव दिलं, आणि त्याच वर्षी आधी माऊसजॅक, त्यात माऊसच्या डोंगलमधून खोटी बटणं घुसवता येत होती. आता रामबागेत कोणी अँटेना लावून बसलंय असं मी म्हणत नाही, नव्या चांगल्या सेटमध्ये हे सांकेतिक असतं, खोक्यावर एईएस, म्हणजे सांकेतिक करण्याची एक पद्धत, लिहिलेलं दिसलं तर बरं. पण ज्याच्याकडे दुसऱ्यांचे पासवर्ड आहेत आणि ज्याचा की-बोर्ड टेबलावरून कधी उठतच नाही, त्याला वायरलेस की-बोर्डनं नक्की मिळतं काय? एक तार वाचते. सेलचा खर्च आणि काळजी मागे लागते. माऊसचं वेगळं आहे, तो सतत हलतो, त्याची तार कपात, कागदात, रजिस्टरमध्ये अडकते, तिथे वायरलेसचा खरा फायदा आहे.

म्हणून मी सांगितलं की-बोर्ड तारेचा घ्या आणि माऊस आहे तोच ठेवा. दुकानदाराला हे पटलं नाही, काकांना लगेच पटलं. काकांचं मन आधी टीव्हीएस गोल्ड या की-बोर्डवर गेलं, जुन्या पेढीत त्यांनी तोच वापरलेला, खटखट वाजणारा, दणकट. पण दुपारी काकू टाइप करतात तेव्हा तिथेच दिवाणावर झोपलेलं कोण असतं? तो विचार काकांनी स्वतःच केला आणि खोका परत ठेवला. शेवटी साधा पूर्ण आकाराचा, आकड्यांची बटणं वेगळी असलेला यूएसबी की-बोर्ड घेतला, घेण्याआधी दुकानातच लावून आकड्यांचा ५ आणि एंटर दाबून बघितलं, ती दोन बटणं आधी जातात. एक सांगतो, वायरलेसच घेणार असाल तर लेबलवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, आर नं सुरू होणारा नोंदणी नंबर आहे का बघा, वायरलेस की-बोर्ड २०१२ च्या आदेशापासून सक्तीच्या नोंदणीत आहेत, नंबर नसलेला माल फुटपाथवर शोभतो.

काकूंसाठी देवनागरी स्टिकर घ्यायचे होते आणि तिथे जरा थांबावं लागलं. आपल्याकडे टायपिंगच्या परीक्षेमुळे रेमिंग्टनचे, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीचे, स्टिकर खूप खपतात, दुकानदारानं तेच काढून दिले, वर म्हणे हिंदी हिंदी सब एक. रेमिंग्टनमध्ये क डी वर असतो, ते लावले असते तर काकूंना दिसलं एक असतं आणि उमटलं भलतंच. के च्या स्टिकरवर क-ख आणि एन च्या स्टिकरवर ल-ळ आहे एवढं तपासलं की इन्स्क्रिप्ट पक्कं.

घरी येऊन जुन्या की-बोर्डचे सेल काढले. इंदुरात कचऱ्याच्या गाडीला सहा कप्पे, त्यामुळे गळका सेल आणि जुना की-बोर्ड ओल्या-सुक्यात टाकायचा प्रश्नच येत नाही, काकूंनी दोन्ही वेगवेगळ्या पिशव्यांत बांधून ठेवले. रिमोटमधला दुसरा जुना सेल काकांनी अजून ड्रॉवरमध्ये ठेवलाय, तो भिंतीवरच्या घड्याळात जाणार आहे, तिथे एकटाच असतो म्हणून मी काही बोललो नाही.

आता फक्त माऊसचं डोंगल सांभाळायचंय, कारण ते हरवलं तर माऊस धडधाकट असून निकामी. एक्स्टेन्शनचं टोक काकांनी मॉनिटरच्या पायाला चिकटपट्टीनं बांधून टाकलं आणि वर पेननं लिहिलं, "काढू नये".